बडोद्यातली आमची मुलं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. तुमच्या घरी काय चाललंय?

कारेलीबागकर

मुलगा तिसरीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, केंद्रीय बोर्डाची. तिथे इंग्रजी, हिंदी आणि गुजराती. २०२३ च्या कायद्यानंतर गुजरातेत पहिली ते आठवी सगळ्याच बोर्डांच्या शाळांना गुजराती शिकवावी लागते आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ज्या गावात राहायचं तिथली भाषा यायलाच हवी. घरात मात्र मराठी. सासूबाई, आम्ही दोघं, धाकटी, सगळे मराठीच बोलतो. आता ती बडोद्याची मराठी, म्हणजे 'आई, बारी बंद कर ने, मच्छर येतायत' अशी. पुण्याची नणंद हसते. हसू दे.

अडलंय ते वाचण्यावर. देवनागरी त्याला हिंदीमुळे येते, म्हणजे मराठी वाचन फुकटात यायला हवं असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात 'चाक', 'चोर', 'जावई' हे सगळं तो हिंदीच्या चालीवर वाचतो आणि मग रोजच्या बोलण्यातला शब्दही त्याला परका वाटतो. 'ळ' झकास म्हणतो, ती गुजरातीची कृपा. पण 'शेजाऱ्यांकडच्या' असा लांबलचक शब्द आला की गाडी बंद. हिंदीत 'पड़ोसियों के यहाँ के' असे सुटे तुकडे असतात, आपण सगळं एकाला एक चिकटवतो. परवा दोन-चार ओळींतच पुस्तक मिटून म्हणाला, 'आजी, तूच वाच ने, मला ऐकायला मजा येते.'

सासूबाई दुधाचा हिशेब गुजरातीत लिहितात, पोथी मराठीत वाचतात, मालिका हिंदीत बघतात आणि नातीला 'गुड नाइट' म्हणतात. त्यांना कुणी बहुभाषिक वगैरे म्हटलेलं नाही.

माझं मत असं झालंय की मुलाला मराठी येत नाही ही अडचणच नाही. घरातल्या मराठीला बोलण्यापलीकडे काही काम उरलेलं नाही, ही अडचण आहे. शाळेचा ग्रुप इंग्रजीत, सोसायटीचा गुजरातीत, औषधाच्या पाकिटापासून बसच्या पाटीपर्यंत कुठेही मराठी अक्षर नाही. मग त्याने वाचावं कशासाठी? 'आपली मातृभाषा आहे म्हणून' हे कारण आठ वर्षांच्या पोराला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच पटतं.

तुम्ही काय करता? शिकवणी लावा, हा सल्ला कृपया नको.

विक्षिप्त_वांगं

मी उलटा प्रश्न विचारतो. वाचून करायचंय काय?

आम्ही चार पिढ्या दांडिया बाजारात. आडनाव आणि गणपती सोडले तर आमच्यात मराठी काय राहिलंय? मुलगी नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळते, मैत्रिणींशी गुजरातीत भांडते, स्वप्नंही बहुधा गुजरातीत बघत असेल. छान चाललंय तिचं. काका कालेलकर साताऱ्याचे मराठी, आणि गुजराती इतकी सुंदर लिहिली की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. कुणी त्यांना विचारलं का, मराठीचं काय केलंत म्हणून?

पोराच्या डोक्यावर तीन भाषा शाळेने ठेवल्यात, चौथी तुम्ही ठेवताय. बोलतो ना? पुरे.

खडूफळा

वांगंसाहेब, कालेलकरांचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. ते गुजरातीत गेले ते मराठी पक्की करून. हात रिकामे ठेवून गेले नाहीत. शिवाय मराठीतही लिहीत राहिलेच.

मी इथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त. वर्ग कसे रोडावतात ते जवळून पाहिलंय. आधी मध्यमवर्ग इंग्रजीकडे गेला. उरली ती धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, रिक्षावाल्यांची, बांधकामावरच्या मजुरांची मुलं. मग 'तिथे तसलीच मुलं असतात' म्हणून उरलेले पालकही गेले. शाळा बंद पडली की सगळे सरकारवर रागावले.

कायद्यात तरतूद आहे बरं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा, हा दंडक तर त्याच्याही आधीचा, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला. म्हणजे दहा पालक एका वर्गापाशी एकत्र येणं एवढंच हवं असतं. ते दहा येत नाहीत. गणपतीच्या वर्गणीला शंभर येतात.

आता 'डोक्यावर भार' या मुद्द्याबद्दल. एका शाळेने माझ्या ओळखीच्या आईला बोलावून सांगितलं, घरी इंग्रजीच बोला, मूल गोंधळतंय. ती बिचारी तोडक्यामोडक्या इंग्रजीत मुलाला जेवायला वाढायला लागली. असा सल्ला देणाऱ्यांनी जिम कमिन्स वाचावेत. कॅनडात स्थलांतरितांच्या मुलांवर त्यांनी काम केलं. खेळायच्या मैदानावरची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं, पण पुस्तकातली, विचार मांडायची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि एका भाषेत कमावलेलं दुसरीत वापरता येतं. गोष्टीत कारण कुठलं, परिणाम कुठला हे जे मूल मराठीत ओळखतं, त्याला ते इंग्रजीत नव्याने शिकवावं लागत नाही. तेव्हा घरची भाषा काढून घेतल्याने इंग्रजी सुधारत नाही. घरातलं बोलणं तेवढं खुंटतं.

मुळा_मुठा

आम्ही उलट्या दिशेने गेलो. नवऱ्याची बदली झाली आणि वाघोडिया रोडवरून थेट पुण्यात. मुलगी सहावीत. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, हे दाखल्याच्या वेळी कळलं. मला वाटलं, आपलीच तर भाषा आहे.

पहिल्या निबंधावर बाईंनी लाल शाईने एवढं लिहिलं होतं की मूळ निबंध शोधावा लागला. बोलायला फाडफाड, पण ऱ्हस्व-दीर्घ नाही, अनुस्वार मनाला येईल तिथे. आणि वर्गात तिचं नाव पडलं 'केम छो'. बडोद्यात 'मराठी', पुण्यात 'गुजराती'. ती घरी येऊन म्हणाली, 'मग मी आहे कोण?' मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, बडोद्याची आहेस. यापेक्षा बरं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

आता मराठी सुधारली, पण गुजराती चाललीय. तिला गुजराती अक्षरं अडखळत वाचावी लागतात, आणि याचं वाईट फक्त मला वाटतं. घरात बाकी कुणाला नाही. कारेलीबागकर, बाकी काही करू नका, पण लिहिणं सोडू नका. वाचन उशिरा आलं तरी येतं, लिहिण्याला फार रडवतं.

निझामपुऱ्याची_सून

नमस्ते, मी मूळची गुजराती. आणंदची. माझं मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

लग्न होऊन आले तेव्हा 'पोळी' आणि 'भाकरी' एवढंच येत होतं. नवऱ्याला म्हटलं, माझ्याशी मराठीत बोल. तो आजपर्यंत गुजरातीतच बोलतो! मराठी मला सासूबाईंनी शिकवली, तीही स्वयंपाकघरात. त्यांनी कधी व्याकरण सांगितलं नाही. 'ते पातेलं दे, ती कढई दे, तो झारा दे' असं दिवसभर. नंतर माझ्या लक्षात आलं की तो-ती-ते सगळं डब्यांवरून पाठ झालंय. गुजरातीतही तीन लिंगं आहेत म्हणून मला सोपं गेलं. माझी जाऊ इंदूरची. ती हिंदीच्या वळणाने अजून 'पुस्तक चांगली आहे' म्हणते.

माझा मुलगा आजीशी मराठी, नानांशी गुजराती बोलतो. फिरवायला त्याला क्षणही लागत नाही.

पण एक बोलू? राग मानू नका. तुम्ही मराठी लोकं बाहेर आपसांत मराठी बोलत नाही. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना दोन मराठी बायका भेटतात, दोघींना ठाऊक असतं, आणि दोघी गुजरातीत सुरू होतात. माझ्या मुलाने विचारलं, 'मम्मी, मराठी फक्त घरात बोलायची असते का?' त्याला वाटलं, ही काहीतरी खासगी गोष्ट आहे. आंघोळीसारखी.

विक्षिप्त_वांगं

आंघोळीसारखी! वहिनी, तुम्ही आमच्यापेक्षा बरं मराठी लिहिता.

खडूफळा

वहिनींनी बरोबर नस पकडली. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये आनिक द हौवर यांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे १,९०० कुटुंबं, घरात निदान एका पालकाची भाषा वेगळी, मुलं सहा ते नऊ वर्षांची. बाहेरची भाषा झाडून सगळ्या मुलांना येत होती. घरची मात्र सगळ्यांना येत नव्हती. 'आईने एक भाषा बोलावी, बाबांनी दुसरी' हा जो जुना मंत्र पालकांना देतात, तो पुरेसाही ठरला नाही आणि आवश्यकही. दोन्ही पालक घरची भाषा वापरत होते आणि बाहेरची फार तर एकच जण बोलत होता, तिथे ती टिकण्याची शक्यता भरपूर होती. म्हणजे गुजरातीची चिंता करू नका. ती रस्त्यावरून आपोआप घरात येते.

तापीकाठ

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण जरा आमच्याकडेही बघा.

मी धुळे जिल्ह्यातला. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आहे. घरात आम्ही अहिराणी बोलतो. तुम्ही जिला मातृभाषा मातृभाषा म्हणताय ती प्रमाण मराठी मी शाळेत गेल्यावर शिकलो, आणि 'काय रे, नीट बोलता येत नाही का' हे गुरुजींचं वाक्य माझ्या भावाने तर पट्टीसकट ऐकलंय. आता माझी मुलगी गुजराती माध्यमात आहे. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती, आणि सोसायटीतल्या मराठी काकू तिला म्हणतात, 'अगं, शुद्ध मराठी बोल की!' ती आता त्यांच्याशी बोलतच नाही.

माझे नातेवाईक दरवर्षी दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. नंदुरबार, धुळे, डांगातून टोळ्या निघतात आणि तिकडे पडाव टाकून राहतात. पोरं बरोबर. त्यांची शाळा मराठी, पडावाच्या गावातली शाळा गुजराती, घरात भिली नाहीतर अहिराणी. अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे. शेवटी कोणत्याच लिपीत नाव लिहिता येत नाही. तुमच्या मुलाला गोष्ट वाचायचा कंटाळा येतो, हा प्रश्न खोटा नाही. पण 'मराठी वाचवा' म्हणणाऱ्यांत आमची अहिराणी कुणी मोजत नाही, एवढं सांगायचं होतं.

पोळीभाजी

तापीकाठ, दाद. आणि हे बडोद्यात बोललं गेलं ते बरं झालं, कारण याच गावात त्यावर काम झालंय. गणेश देवी मूळचे भोरचे, सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. नोकरी सोडून १९९६ साली त्यांनी बडोद्यात 'भाषा' ही संस्था काढली, तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. पुढे त्यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण झालं आणि ७८० भाषांची नोंद झाली. त्यात 'शुद्ध' कोण हा प्रश्नच नव्हता.

माझा जुन्या बडोद्याचा किडा वळवळतोय, तेवढं सहन करा. इथला सगळ्यात प्रसिद्ध स्थलांतरित विद्यार्थी कोण? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ. १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला तेव्हा वय बारा, आणि लिहितावाचता काही येत नव्हतं. मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी एकदमच सुरू झाल्या. हाच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. आणि १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला 'सयाजीशासन शब्दकल्पतरू' काढला. कारकुनाने मराठीत लिहिलं तरी गुजराती वहिवाटदाराचं अडू नये, हा रोकडा विचार.

आणखी एक. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. लहानपणापासून इंग्लंडात वाढले, त्यामुळे स्वतःची बंगाली त्यांनी मोठेपणी इथे, आपल्या बडोद्यात बसून शिकली. बंगाली लेखक दीनेंद्रकुमार राय त्यासाठी त्यांच्याकडे येऊन राहिले होते. तेव्हा तिसरीतल्या पोराची इतकी घाई नको.

मात्र मला कारेलीबागकरांचा 'काम' हा शब्द पटला. या गावात १९०९, १९२१, १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलनं झाली ती काही भाषाप्रेम उतू गेलं म्हणून नव्हेत. तेव्हा मराठी येण्याने नोकरी मिळत होती, दरबारात वट होती. दरबार गेला, वट गेली. आता नुसत्या अभिमानावर किती दिवस चालणार?

कारेलीबागकर

सगळ्यांचे आभार. तापीकाठदादा, तुमचं वाचून सोसायटीतल्या काकूंपैकी मी एक नाही ना, हे आधी तपासलं. तुमच्या लेकीला अहिराणीतल्या गोष्टी कोण सांगतं? माझ्या सासूबाईंचं माहेर अमळनेरचं. त्यांना अहिराणी कळते, बोलायला संकोचतात. कधी घेऊन या तिला, दोघींची जमेल.

मुळा_मुठा यांचं 'लिहिणं सोडू नका' डोक्यात राहिलं, म्हणून एक सुरू केलंय. महिन्याच्या वाण्याची यादी मुलाने लिहायची. मराठीत. मी ओट्याशी उभी राहून सांगते, तो डबे उघडून बघतो आणि लिहितो. 'शेगंदाने', 'साबुदाना', 'रवा', 'गुळ', 'पोहे'. चुका मी खोडत नाही. खरी गंमत दुकानात. वाणी गुजराती. त्याला मराठी यादी हातात देऊन उपयोग नाही, मग हा ती बघून मोठ्याने गुजरातीत सांगतो: सिंगदाणा, साबुदाणा, रवो, गोळ, पौंआ. साखरेपाशी आला की 'खांड', मिठापाशी 'मीठुं'. मागच्या खेपेला स्वतःचंच अक्षर लागेना आणि हिंग राहिला. घरी येऊन आजीची बोलणी खाल्ली. पुढच्या यादीत 'हिंग' हा शब्द पानभर मोठा.

आता तो वाण्याकडे जायच्या आधी यादी एकदा मनात वाचून घेतो. कुणी सांगितलं नाही. माल चुकू नये म्हणून.

निझामपुऱ्याची_सून

हे मी आजच करणार. आमच्याकडे तर दोन याद्या होतील, सासूबाईंची मराठी आणि माझी गुजराती. गुजरातीला वरची रेघ नसते आणि इ, ख, च, ज, झ, ब अगदी वेगळे. मुलगा दोन्हींची खिचडी करतो. करू दे ने?

खडूफळा

खुशाल करू दे. दोन लिप्या एकत्र शिकणारी मुलं काही काळ अशी सरमिसळ करतात, पुढे आपापले खण लागतात. फक्त रेघ नाही म्हणून मार्क कापणाऱ्या बाई भेटू नयेत.

विक्षिप्त_वांगं

माझं मत तेच आहे, पण मुलीला सहज विचारलं, मराठी वाचता येतं का. म्हणाली, 'पप्पा, तुमच्या आजोबांच्या पत्रांचा डबा आहे ना माळ्यावर, तो मला वाचायचाय. पण ती अक्षरं कसली आहेत?' डबा काढला. मोडी निघाली. आता मलाच वाचता येत नाही. बडोद्यात मोडी शिकवणारं कुणी आहे का?

पोळीभाजी

विद्यापीठाच्या मराठी विभागात चौकशी करा, नाहीतर जुन्या दप्तरखान्याची माहिती असलेलं कुणी गाठा. तोवर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा, मराठी पुस्तकांचा तिथला संग्रह मोठा आहे. वांगंसाहेब, पत्रं हाताळताना पंखा बंद ठेवा, कागद ठिसूळ असतो. आणि डबा परत माळ्यावर टाकू नका.

तापीकाठ

कारेलीबागकर ताई, लेकीला तिची आजी गोष्टी सांगते, फोनवर. रविवारी सुट्टी असते. अमळनेरच्या आजींना विचारा, चार वाजता चालेल का.